ऑल लेव्हल्स म्हणजे टाइमपास नव्हे

परवा लंचला एका मित्राला म्हटलं, शनिवारी सकाळी आमच्या जेंबेच्या क्लासला चल. ओकलंडमधला कम्युनिटी क्लास आहे, गिनीहून आलेले एक सर शिकवतात, 'ऑल लेव्हल्स' आहे, सुरुवातीला वाद्यही तेच देतात. साहेबांनी बुरिटो खाली ठेवला आणि म्हणाले, "ऑल लेव्हल्स म्हणजे टाइमपासच ना रे? सिरियस लोक असल्या ठिकाणी कशाला येतील? बिगिनर्सची वेगळी बॅच निघाली की सांग. तसा स्ट्रेस बस्टर म्हणून आयडिया वाईट नाही."

बिल त्याने भरलं होतं म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही :-)

एक तर सगळ्या लेव्हलच्या लोकांना एकत्र बसवणं ही काही मजबुरी नाही. (हॉलचं भाडं परवडत नाही हेही एक कारण असेल, नाही म्हणत नाही.) पण मुळात हे संगीतच तसं बांधलेलं आहे. आपल्याला जेंबे माहीत असतो, कारण तो दिसायला भारी. लाकडी पेल्याच्या आकाराचा, वर बकरीचं कातडं, हातांनी वाजवायचा. पण मालिंके लोकांच्या या संगीताचा कणा म्हणजे मागे वाजणारे तीन डुंडुन. दोन्ही बाजूंना गाईचं कातडं, काठीने वाजवायचे, वर एक लोखंडी घंटा. सगळ्यात छोटा केनकेनी, मधला सांगबान, मोठा डुंडुनबा. तिघांचे तीन वेगळे बोल, आणि ते एकमेकांत अडकले की त्यातून एक चाल ऐकू येते जी तिघांपैकी कोणीच एकटा वाजवत नसतो. त्यावर साथीचे जेंबे, आणि त्या सगळ्यावर एक सोलो.

आता यातला केनकेनीचा बोल बहुतेक वेळा इतका सोपा असतो की पहिल्याच दिवशी हातात येतो. दोन-तीन ठोके, पुन्हा पुन्हा. मला पहिले चार महिने तोच दिला होता. सांगायला लाज वाटते, पण तिसऱ्या आठवड्यात मी सरांना विचारलंही होतं, "पुढचं कधी?" अप्रेझलची सवय, दुसरं काय! सर हसले आणि म्हणाले, डोळे मिटून दहा मिनिटं वाजव. चौथ्या मिनिटाला मी घसरलो. मलाच कळलं नाही, पण बाकी अठरा जणांना कळलं.

आमच्याकडे सत्तरीच्या एक रिटायर्ड नर्सबाई आहेत. कितीतरी वर्षं येतात, सोलो कधी वाजवत नाहीत, मागितलेलाही मी पाहिला नाही. केनकेनी धरून बसतात. मी त्यांना 'हौशी आजी' या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी त्या आल्या नाहीत. सोली वाजवत होतो. बारा मात्रांचा ताल, काही बोल तीन-तीनच्या गटात चालतात आणि काही त्यांना आडवे जातात. आमच्यातले दोन जबरदस्त सोलोवाले हजर होते. पाच मिनिटांत सगळा पत्त्यांचा बंगला खाली! पुन्हा सुरू केलं, पुन्हा खाली. सर जेंबे सोडून स्वतः उठले आणि केनकेनीवर जाऊन बसले. मग चाललं. त्या दिवशी क्लासमध्ये कोण कुठल्या लेव्हलचं आहे, याचा माझा अख्खा तक्ता फाटला.

तर मित्रा, 'सिरियस लोक' तिथेच असतात. फक्त ते पुढे बसलेले नसतात.

आता स्ट्रेस बस्टरकडे वळू. तू कुठून शिकलास हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या ऑफसाइटला मीही होतो. हॉटेलचा एसी हॉल, दोनशे जण, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पडद्याचा जेंबे, आणि माइकवाला ओरडतोय की इथे चूक नावाची गोष्टच नाही, मनात येईल ते वाजवा! पाऊण तास धुमाकूळ, मग ग्रुप फोटो, मग बफे. मजा आली, खोटं कशाला बोलू. ज्यांनी वर्षभर एकमेकांशी ईमेलवरच बोलणं केलं ते हसताना दिसले. पण मग त्याला धुमाकूळ म्हणा ना. आफ्रिकन ड्रमिंग का म्हणता? उद्या दोनशे जणांच्या हातात तबले देऊन "बडवा काय ते" म्हटलं आणि बाहेर 'हिंदुस्थानी संगीत' अशी पाटी लावली, तर आपण कसे पेटून उठू!

चूक असते. जेंबेवर बास, टोन आणि स्लॅप असे तीन मूळ आवाज. टोन आणि स्लॅप यांतला फरक फक्त बोटं कशी पडतात त्यात असतो, आणि तो स्वच्छ निघायला माझं दीड वर्ष गेलं. अजूनही दमलो की दोन्ही सारखेच येतात. प्रत्येक तालाला नाव आहे, गाव आहे, कारण आहे. कासा शेतातल्या कामाचा, सोली मुलांच्या दीक्षाविधीचा. "त्यांच्या तर रक्तातच ऱ्हिदम असतो" हे वाक्य मी आपल्याच लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय की वीट आलाय. रक्तात नाही हो, तालमीत असतो. 1958 मध्ये गिनी स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने गावागावांतले वादक-नर्तक निवडून राष्ट्रीय संच उभे केले. बालांदुगू नावाच्या खेड्यातला मामादी केता असाच कोवळ्या वयात जोलिबा या संचात आला. पुढे ब्रुसेल्सला जाऊन त्याने 1991 मध्ये स्वतःची शाळा काढली, आणि तिच्या शाखा जगभर पसरल्या. 2021 मध्ये तो गेला. आज अमेरिकेत शनिवारी सकाळी कुठल्यातरी हॉलमध्ये आमच्यासारखे लोक जे शिकतात, ते या माणसांनी घासून घासून शिकवण्याजोगं केलं म्हणून. त्याला 'मनात येईल ते' म्हणणं म्हणजे त्यांचा घाम पुसून टाकणं.

आणि गंमत म्हणजे हा माझा मित्र पुण्याचा. ढोलताशा पथकात दोन सीझन नाचवलाय कमरेचा ढोल. तिथे याने विचारलं होतं का, की बिगिनर्सची वेगळी बॅच आहे का? नदीकाठी गेला, पहिल्या दिवशी मागच्या रांगेत उभा राहिला, ताशाकडे कान लावला, हाताला फोड आणले आणि गणपतीत वाजवला. तेव्हा कळत होतं की मागची रांग ढिली पडली तर ताशेवाला कितीही तयारीचा असो, मिरवणुकीचा बोऱ्या वाजतो. इथे येऊन सीनियर मॅनेजर झाल्यावर ते विसरायला झालं बहुतेक.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. नवे लोक आले की लय खाली येते. अनुभवी लोकांचा अर्धा तास "उजवा हात, डावा हात" यात जातो, आणि त्यातले काही वैतागून येईनासे होतात. पण याला जबाबदार नवे लोक नाहीत, एकदाच येणारे नवे लोक आहेत. व्हिडिओ काढून, पोस्ट करून, गायब! सर त्यांनाही तितक्याच मनापासून शिकवतात. पुढच्या शनिवारी त्यांच्या जागी दुसरे चार, आणि पुन्हा उजवा हात, डावा हात. चार शनिवार सलग या आणि मग आवडलं नाही तर खुशाल सोडा.

असो. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे पुढचे दोन महिने केनकेनी पुन्हा माझ्याकडे आहे. मित्राला काल फोनवर सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे डिमोशनच की रे!"

तरीही येतोय म्हणे. त्याला सांगून ठेवलंय तेच तुम्हालाही सांगतो: अंगठ्या आणि घड्याळ घरी काढून या, कातडंही फाटतं आणि बोटही. फी दारातच एका डब्यात टाकायची असते, विसरू नका.