जत्रा, बिअर आणि हिशेब



कांद्याची काढणी अर्ध्यावर आली आहे. माणसं मिळंनात, ऊन मरणाचं आणि लाइट आठवडाभर रात्रीची. मोटार चालू करून विहिरीवर बसलोय, म्हणून लिहायला सवड मिळाली. आज पिकाचं नाही, जत्रेचं लिहितो. कारण परवाच्या बैठकीत मी "नाही" म्हणालो आणि तेव्हापासून गावातली निम्मी पोरं माझ्याशी नीट बोलंना झालीत.

झालं असं. माझा भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. त्यानं गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तिथल्या एका खेड्यात, गवताच्या रानात तंबू ठोकलेला, लाकडी मांडवावर बिअरची पिंपं आडवी ठेवलेली, एका कोपऱ्यात गावातलीच चार माणसं गिटार वाजवताहेत, पोरंबाळं गवतात लोळताहेत. खाली त्यानं लिहिलं, "मामा, ह्या दोन दिवसांचा सगळा नफा हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सला जातो."

पोरांनी ते उचललं. आपल्याकडंही असंच करू. हायवेवरच्या एका बारवाल्याचा निरोपही आला: स्टेज आणि डीजेसाठी एक लाख देतो, कमानीवर बॅनर माझा. उरलेले पैसे आपल्या गावातल्या एका पोराच्या डायलिसिसला. त्याला आठवड्यातून दोनदा शहरात न्यावं लागतं. उपचार सरकारी योजनेत बसतात, पण गाडीभाडं कुणाच्याच योजनेत बसत नाही.

मी नाही म्हणालो, तेव्हा त्या पोराचा बाप उठला. म्हणाला, "आण्णा, पैसा कुणाचा का असंना, माझ्या लेकराच्या उपयोगी पडला म्हंजे झालं." ह्याच्यावर त्या वेळी मला काही बोलता आलं नाही. म्हणून आज बोलतो.

आधी सांगतो, मी काही माळकरी नाही. उन्हाळ्यात पाहुण्यांबरोबर एखादी बिअर मीही घेतलेली आहे. आणि तिकडच्या त्या जत्रेला मी वाईट म्हणत नाही. उलट भाच्याला फोन लावून तासभर सगळं खोदून विचारलं.

तिथं एक पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे साधारण ४१ लिटर. त्यातून त्यांच्या मापाचे ७२ ग्लास निघतात. ही बिअर जिवंत असते, पिंपातच थोडी आंबत राहते. आणून ठेवली की गाळ बसायला वेळ द्यावा लागतो आणि एकदा तोटी ठोकली की थोड्याच दिवसांत खपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. आपल्या दुधा-टोमॅटोसारखंच की! म्हणून पिंपं किती आणायची ह्याचा हिशेब आधी करतात. एकेका पिंपाचा खर्च गावातला एकेक जण उचलतो: कुणी खाटीक, कुणी गॅरेजवाला, कुणी शेतकरी. त्याचं नाव त्या पिंपावर. बिअर ओतायला गावकरीच, बिनपगारी. पाचशेच्या आत माणसं असतील तर २१ पौंड भरून आधी नोटीस दिली की भागतं. तिकडं हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स बहुतेक लोकांच्या देणगीवरच उडते. ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस उद्या आपलाच असू शकतो, हे तिथल्या शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणून तो देतो.

आता आपला प्रस्ताव बघा. तिकडं विकलेल्या बिअरचा नफा सगळा त्या कामाला जातो. इकडं बारवाला लाख रुपये देणार, ते स्टेजवर आणि डीजेवर जाणार. जत्रेच्या रात्री जी बाटली खपेल तिचा नफा त्याच्या गल्ल्यात. मग त्या पोराला काय? खर्च भागून उरलं तर. म्हणजे ताटातलं उष्टं. ह्याला मदत म्हणत नाहीत, ह्याला जाहिरात म्हणतात. आणि जाहिरातीच्या पाटीवर आपण त्या लेकराचं नाव लावणार.

दुसरं. तिकडं बिअर पिऊन माणूस घरी जातो तेव्हा काय होतं, ते मला माहीत नाही. आपल्याकडं काय होतं ते मला माहीत आहे. आठवड्याच्या बाजाराला मजुरीचा पैसा हातात आला की तो घरी पोचतो का वाटेतच आडवा होतो, हे माझ्या रानात खुरपायला येणाऱ्या बायांना विचारा. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. एकूण मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान जातं. असा कायदा उगाच झाला नाही. परवाच्या बैठकीत साठ माणसं होती आणि त्यात बाई एकही नव्हती. बारवाल्याचा बॅनर घ्यायचा का, हे त्यांना न विचारता ठरवायचा आपल्याला अधिकारच नाही.

तिसरं पाण्याचं. आपण मराठवाड्यातली माणसं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं दारूच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त कापायला सांगितलं होतं. त्या वर्षी मी दोन गाई चाऱ्यापायी विकल्या. आज त्याच धंद्याचा बॅनर देवाच्या दारात लावायचा, तर निदान थोडं आठवून लावावा.

आता गाण्याबजावण्याचं. गाणं पाहिजेच, जत्रा काय मुक्यानं करायची? पण डीजे म्हणजे गाणं नव्हे. मागच्या जत्रेला भिंती हलल्या, दावणीला गाभण म्हैस रात्रभर उभी राहिली, सकाळी दुधाला पार कमी. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम आहे, पण दहाला तर आपला डीजे गरम होतो. तिकडं गावातलीच माणसं वाजवतात. आपल्याकडं वाजवणारे नाहीत काय? हलगीवाले आहेत, सनईवाले आहेत, भजनी मंडळ आहे, भारुड करणारे दोन म्हातारे अजून हयात आहेत. ह्यांना आपण नारळ आणि टोपी देतो आणि शहरातल्या डीजेला ऐंशी हजार मोजतो.

आणि नक्कलच करायची तर दुधाची करा ना. इंग्लंडात पिल्टन नावाचं गाव आहे. तिथल्या मायकेल ईव्हिस नावाच्या गाईवाल्या शेतकऱ्यानं १९७० मध्ये आपल्या रानात गाण्याची पहिली जत्रा भरवली. तिकीट एक पौंड आणि तिकिटावर दूध फुकट! माणसं आली पंधराशेच्या आसपास. तीच आजची जगभर गाजणारी ग्लॅस्टनबरीची जत्रा. तिच्यातून ऑक्सफॅम, वॉटरएड, ग्रीनपीस अशा संस्थांना पैसा जातो. सुरुवात मात्र गोठ्यातून झाली. आपल्या गावात रोज डेअरीला एवढं दूध जातं. मसाला दूध, ताक, उसाचा रस, बचत गटाच्या बायांची भाकरी-पिठलं, ह्यांचे स्टॉल लावा. नफा सगळा त्या पोराला.

आपल्याला हे नवीन नाही. गाडगेबाबांनी कीर्तनं करत गावं पालथी घातली आणि लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःचा संसार गाडगं आणि झाडू एवढाच. लोकांनी डोळे झाकून दिलं, कारण पैसा कुठं जातो ते दिसत होतं.

इथं माझी एक चूक कबूल करतो. पंधरा वर्षांपूर्वी जत्रेच्या कमिटीचा खजिनदार मीच होतो. पावत्या फाडल्या, खर्च केला, हिशेब वहीत लिहिला आणि वही माळ्यावर टाकली. वाचून कधीच दाखवली नाही. शेवटी अकरा हजारांचा मेळ लागत नव्हता. मी खाल्ले नाहीत, पण कुठं गेले तेही सांगता आलं नाही. त्यानंतर तीन घरांनी वर्गणी देणं बंद केलं, ते आजतागायत. बारवाल्याच्या लाखाची गरज आज का पडली? वर्गणी आटली म्हणून. वर्गणी का आटली? आमच्यासारख्यांनी हिशेब दिला नाही म्हणून.

म्हणून ग्रामसभेत मी एवढंच मांडणार आहे:

१. मदतीची रक्कम आधी बाजूला काढायची, मग मांडव आणि वाजंत्री. उरलं तर नाही, आधी.

२. एक मोठा बॅनर नको. ज्यानं त्यानं झेपेल ते द्यावं, पैसा नसंल तर दोन दिवस काम द्यावं. दोन्हींची नावं एकाच फळ्यावर, रक्कम न लिहिता.

३. वर्गणी रीतसर, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवून.

४. दहाला स्पीकर बंद.

५. जत्रेनंतर आठव्या दिवशी हिशेब चावडीवर मोठ्यानं वाचायचा. बायांसमोर.

आणि त्या बापाला माझं उत्तर. दादा, तुमचं बरोबर आहे, गाडीभाड्याला पैशाची जात नसते. म्हणून नुसतं नाही म्हणून मी सुटू शकत नाही. माझ्या कांद्याचे दहा कट्टे तुमच्या पोराच्या नावानं बाजूला ठेवलेत. भाव पडला तर आणखी दोन टाकीन. पोरांनो, माझ्यावर रुसा, पण तुम्हीही एकेक कट्टा आणा. लाखाला किती कट्टे लागतात ते आपण मिळून मोजू.

तुमच्या गावात जत्रेचा हिशेब वाचतात का, ते जरूर कळवा.

बारं फुटलंय वाटतं. टॉर्च घेऊन निघतो. राम राम.