गाडी मागे घेताना…

बाई गाडी मागे घेताना जरा अडखळली, की लगेच टोमणा ठरलेला, ‘बायकांना रिव्हर्स जमत नाही!’ मैत्रिणींनो, एकदा टोमणा मारणाऱ्यालाच नव्या सेडानमध्ये बसवून मागे बघायला सांगा. वारा कमी अडावा म्हणून डिकी उंच केलेली, काच तिरकी आणि अरुंद. गाडी उलटली तरी छप्पर दबू नये म्हणून कोपऱ्यातले खांब जाड. आतली माणसं सुरक्षित झाली, पण डिकीमागे खेळत बसलेलं पोर दिसेनासं झालं.

अमेरिकेत २००२ मध्ये दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच वडिलांच्या मोठ्या गाडीखाली गेला. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला. पण सगळ्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा व्हायला मे २०१८ उजाडलं. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. पण सेन्सर नुसता पीं-पीं करतो, मागे कुंडी आहे की बाळ, हे सांगत नाही.

म्हणून गाडी काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा, पोरं कुणाच्या तरी कडेवर आहेत ना बघा. घरच्या पुरुषांनाही ही सवय लावा. टोमण्यांचं नंतर बघू!