गारव्याचे गणित

मे महिन्यात मुंबईचा पारा सहसा 33-34 अंशांच्या आसपास राहतो. माणूस हैराण होतो तो हवेतील दमटपणाने. त्यामुळे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत चाकरमान्यांच्या घरांतही वातानुकूलन यंत्र ही आता निव्वळ चैन उरलेली नाही. परंतु हप्त्याने घ्यावयाची ही वस्तू किती क्षमतेची असावी, हे ठरवितो कोण? बहुधा दुकानदार, आणि ‘दीड टनच घ्या, कमी पडायला नको’ हे त्याचे ठरलेले उत्तर असते.

वास्तविक हे गणित शाळकरी मुलालाही सुटण्याजोगे आहे. ‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. 2,000 पौंड बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, अर्थात सुमारे 3.5 किलोवॅट. 100 ते 120 चौरस फुटांना एक टन, हा येथील ढोबळ ठोकताळा. म्हणजे मधल्या मजल्यावरील 10 बाय 12 ची खोली एका टनात भागते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो. चौघे मिळून टनाचा जेमतेम नववा हिस्सा. खरा भार असतो तो वरच्या मजल्यावरील तापलेल्या स्लॅबचा आणि पश्चिमेच्या उन्हाचा. तेथे पाव टन अधिक धरणे रास्त.

मोठे यंत्र घेतले तर बिघडले कोठे? ठरावीक गतीचे मोठे यंत्र खोली चटकन थंड करून थांबते. बाष्प काढून टाकण्यास त्याला पुरेसा अवधीच मिळत नाही. खोली थंड, तरी दमट राहते. विलिस कॅरिअर यांनी 1902 मध्ये ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी जी योजना आखली, ती मुळी ओलावा आवरण्यासाठीच, हे विसरता कामा नये. इन्व्हर्टर यंत्र गती कमी करू शकते हे खरे. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि क्षमतेची जादा किंमत मोजावी लागते ती निराळीच.

तेव्हा आधी खोली मोजावी. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करावी. गच्चीला पांढरा लेप देण्याचा प्रश्न सोसायटीच्या सभेत मांडावा. तो वरच्या मजल्यावरील रहिवाशाचा खासगी प्रश्न मानू नये. टनाचा विचार त्यानंतर. केंद्र सरकारने 2020 पासून तारांकित यंत्रांना 24 अंशांची मूळ मांडणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. मात्र घराचे माप सरकार घेणार नाही. वापराबरोबर चढत्या दराने येणारे विजेचे बिल ज्याला भरावयाचे आहे, त्यानेच टेप हाती घेतली पाहिजे.