शिक्षा

आमच्या वर्गात एकदा एका विद्यार्थ्याने 'गुण' हा शब्द 'गुन' असा वाचला. पोरे हसली, मीही त्याची चेष्टा केली. पुढे वर्षभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही.

संस्कृतातले शब्द मराठीत आले, पण त्यांचे अर्थ पालटले. तिकडे 'चेष्टा' म्हणजे हालचाल, प्रयत्न, इकडे टवाळी. तिकडे 'राग' म्हणजे रंग, प्रीती, इकडे संताप. आणि 'शिक्षा' म्हणजे शिकवण. सहा वेदांगांपैकी एकाचे, उच्चारशास्त्राचे, तेच नाव! आपल्याकडे तिचा दंड झाला.

भाषेला याबद्दल दोष देता येत नाही. मला मात्र देता येतो. त्या पोराला संस्कृतातली शिक्षा हवी होती. मी मास्तर असून त्याला मराठीतली दिली.