गर्भारपणातील उलट्या आणि औषधाचे भय

दिवस गेल्याची गोड वार्ता घरात येते आणि पाठोपाठ सुनेचे अन्नपाणी तुटते. मालवणच्या बाजारपेठेत वाळत्या मासळीचा वास वाऱ्यासरशी माडीवर येतो. देशावरून सून म्हणून आलेल्या मुलीला तो एरवीही सोसत नाही, मग या दिवसांत तर पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही. वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात, “आम्हीही सोसले, औषध मात्र नको, बाळाला बाधेल.” या सल्ल्यात माया आहे. पण तो तपासून घेतला पाहिजे.

हा त्रास दहांपैकी सात-आठ गर्भवतींना होतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो सुरू होतो, नवव्याच्या आसपास शिगेस पोहोचतो आणि बहुतेकींचा सोळाव्यापर्यंत ओसरतो. गर्भाकडून मातेच्या रक्तात येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक यामागील एक प्रमुख कारण असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. तेव्हा हा सुनेचा नाजूकपणा नव्हे आणि मनाचे खेळही नव्हेत.

औषधाच्या भयालाही इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध विक्रीस आले. निर्धोक झोपेची गोळी म्हणून त्याची ख्याती झाली आणि गर्भवतींना उलट्यांसाठीही ते दिले गेले. १९६१ साली ते मागे घेतले जाईपर्यंत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत मात्र डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी रोखून धरली आणि असंख्य घरे वाचली.

या इतिहासाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. १९५६ पासून अमेरिकेत बेंडेक्टिन हे वेगळे औषध गर्भवतींना दिले जात होते. थॅलिडोमाइडनंतरच्या भयाने त्यावरही खटले गुदरले गेले आणि कंपनीने १९८३ साली ते बाजारातून काढले. त्याने जन्मदोष वाढतात असे अभ्यासांत दिसले नव्हते. ते गेल्यानंतर जन्मदोष कमी झाले नाहीत. उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रिया मात्र वाढल्या. अखेर २०१३ साली त्यातीलच डॉक्सिलामाइन व पायरिडॉक्सिन (ब-६ जीवनसत्त्व) या जोडीला तेथे पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडेही डॉक्टर हीच जोडी लिहून देतात. तिने झोप येते, हे ध्यानात ठेवावे. ओळखीच्या दुकानातून उलटीची कोणतीही गोळी परस्पर मागवणे मात्र टाळावे. प्रत्येक औषधाचा पुरावा सारखा नसतो.

आपल्या घरांत एक अडचण निराळी असते. ही गोळी बहुधा झोपताना घ्यावयाची असते, म्हणजे तिचा गुण सकाळी येतो. आणि चौविहार करणारी सून सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. शिवाय सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत पोट बारा ते चौदा तास रिकामे राहते, आणि रिकाम्या पोटी मळमळ वाढते. पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. दुविहारात पाणी व औषध घेता येते. गुरुमहाराजांना व डॉक्टरांना दोन्ही गोष्टी मोकळेपणाने सांगाव्यात. सुनेला स्वतःहून हे विचारणे अवघड जाते. म्हणून सासूबाईंनीच विषय काढावा. चातुर्मासात उपवासाचा आग्रह तिला होऊ नये, आणि तिने न केल्याचा उल्लेखही होऊ नये.

घरगुती उपायांत आल्याचा गुण काहींना येतो. आले कंदमूळ म्हणून वर्ज्य असले, तरी सुंठ पुष्कळ घरांत चालते. डॉक्टरांना विचारून ती थोडी द्यावी. पोट फार भरू नये व रितेही ठेवू नये. उठताच कोरडा खाखरा, मग थोड्या थोड्या वेळाने शहाळ्याचे पाणी किंवा आमसुलाचे सरबत द्यावे. फोडणीच्या वासापासून तिला काही आठवडे दूर ठेवावे.

मात्र दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी थोडी व गडद होत असेल, उभे राहताच भोवळ येत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल किंवा उलटीत रक्त दिसत असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. अशा वेळी शिरेतून द्रव व जीवनसत्त्वे द्यावी लागतात. मालवणचे ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. पावसाळ्याच्या रात्री उजाडण्याची वाट पाहू नये.

सोसणे हा गुण खरा. पण तो ज्याने त्याने स्वतःसाठी स्वीकारावयाचा असतो. दुसऱ्याच्या वतीने सोसण्याचा निर्णय घेणे ही तपस्या नव्हे. मातेचे शरीर सुकत असताना गर्भाचे रक्षण होत नाही. तिला योग्य वेळी योग्य औषध मिळणे, हीच दोन्ही जीवांवरील दया होय.