मुंबईला पहिल्यांदाच येताय? आधी पत्ता वाचा, मग खोली बुक करा

जळगाव किंवा लातूरहून एखादे कुटुंब पहिल्यांदाच मुंबईला निघते. निमित्त फिरण्याचेच असते असे नाही. कुणाची तपासणी असते, कुणाची मुलाखत, कुणाला विमानतळावर सोडायचे असते. मोबाइलवर ‘मुंबई’ टाकून स्वस्तातली खोली शोधली जाते. दादरजवळ ती मिळते, पैसे भरले जातात. निघायच्या आदल्या रात्री कागद पुन्हा वाचल्यावर कळते, की सकाळी आठला पोहोचायचे आहे ते खारघरला. म्हणजे दादरहून कुर्ला, तिथे गाडी बदलून हार्बर मार्गाने खारघर आणि पुढे रिक्षा. सोबत आजारी माणूस असेल तर ही चूक चांगलीच महागात पडते.

मुंबईचा बेत प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून आखला, की असे होते. तो आखायला हवा कामाच्या पत्त्यापासून.

‘मुंबई’ म्हणजे नेमके कुठे?

बाहेरगावच्या माणसाला मुंबई हे एकच ठिकाण वाटते. खारघर मात्र मुंबई महापालिकेत नाही. ते रायगड जिल्ह्यातल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत येते आणि ही महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. खारघरलगतचे ओवे हे मुळात जुने गाव. सिडकोने वसवलेले सेक्टर त्याच्या आसपास वाढले. त्यामुळे इथले पत्ते दोन तऱ्हांचे असतात. काही सेक्टर आणि प्लॉट क्रमांकाचे, तर काही ‘ओवे गाव’, ‘ओवे कॅम्प’ असे. रिक्षावाल्याला दोन्ही सांगावेत. नुसते ‘खारघर’ सांगून भागत नाही, कारण खारघर बरेच पसरलेले आहे.

टाटा रुग्णालय : परळ की खारघर?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून परळला आहे. त्याच टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र खारघरच्या सेक्टर २२ मध्ये आहे. बोलीत दोन्ही ‘टाटा’च. त्यामुळे गावाकडून निघण्यापूर्वी कागदावर परळ लिहिले आहे की खारघर, हे पाहणे हे पहिले काम. शंका असेल तर कागदावरच्या क्रमांकावर फोन करून विचारावे. खोली त्यानंतरच बुक करावी.

मुक्काम कुठे करावा?

काम जिथे, मुक्काम तिथेच. काम खारघरला असेल तर खारघर, ओवे, बेलापूर किंवा पनवेल या पट्ट्यात राहावे. काम परळला असेल तर दादर, परळ, फार तर कुर्ला.

उलट चूकही होते. नवी मुंबईत खोली स्वस्त मिळाली म्हणून काम परळला असताना ती घेतली जाते. सकाळी पनवेलहून सुटलेली लोकल खारघरला येईपर्यंत भरलेली असते. पुढे कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेची गाडी पकडायची आणि मग परळ. भाड्यात वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशी टॅक्सीत जातात. मुंबईत किलोमीटर मोजून उपयोग नसतो. मिनिटे आणि गाड्या किती वेळा बदलायच्या, हे मोजावे.

गाडीतून उतरायचे कुठे?

खारघर किंवा ओव्याला येणाऱ्याने दादर किंवा सीएसएमटीपर्यंत जाण्याची गरज नसते. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी पनवेलला उतरावे. कल्याणमार्गे येणाऱ्यांची गाडी ठाण्याला थांबत असेल तर तिथे उतरून ठाणे-पनवेल लोकल पकडावी, ती खारघरला थांबते. पुण्याहून शीव-पनवेल महामार्गाने मुंबईकडे जाणारी बस असेल तर खारघरजवळचा थांबा आधीच विचारून ठेवावा.

विमानाने येणाऱ्यांसाठी आता आणखी एक प्रश्न आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जुन्या मुंबई विमानतळाचा कोड ‘बीओएम’, नव्याचा ‘एनएमआय’. तिकिटावर कोणता कोड आहे हे पाहूनच न्यायला येणाऱ्याला कळवावे. नाहीतर प्रवासी एकीकडे आणि नातेवाईक खाडीपलीकडे, अशी गत होते.

मेट्रोने जाता येईल का?

येईल, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेली नवी मुंबई मेट्रो बेलापूर ते पेंधर धावते. मार्ग सुमारे ११ किलोमीटरचा, स्थानके ११. ती खारघरमधून जाते, मात्र खारघर रेल्वे स्थानकाला जोडलेली नाही. मेट्रो पकडायची असेल तर लोकलने सीबीडी बेलापूरला उतरावे लागते. खारघरला उतरल्यास पुढे रिक्षा किंवा एनएमएमटीची बस. ओव्याला जाताना मेट्रोनेही शेवटचा टप्पा रिक्षाचाच धरावा.

लोकलचे कोणते नियम माहीत हवेत?

सकाळी ८ ते ११ सीएसएमटीकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी ५ ते ९ परत येणाऱ्या गाड्यांना तुफान गर्दी असते. सामान आणि वृद्ध सोबत असतील तर या वेळा टाळाव्यात. दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेऊन पहिल्या वर्गाच्या डब्यात चढल्यास दंड होतो. दिव्यांगांसाठीच्या राखीव डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. रविवारी मेगाब्लॉक असू शकतो. हार्बर मार्ग काही तास बंद असेल तर आखलेला बेत कोलमडतो, म्हणून शनिवारी बातमी पाहूनच रविवारचे ठरवावे.

एखादा दिवस मोकळा मिळाला तर?

समुद्र पाहिल्याशिवाय पहिली मुंबई पुरी होत नाही. खारघरहून थेट सीएसएमटी लोकल मिळते, गाडी बदलावी लागत नाही. तिथून बस किंवा टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया आणि मरीन ड्राइव्ह एका दुपारीत होतात. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, तेव्हा रिक्षा शोधत उभे राहू नये. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. एका दिवसात सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू आणि गेटवे उरकण्याचा हट्ट धरला तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो.

जबाबदारी फक्त प्रवाशाचीच?

नाही. रुग्णालये, परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि मुलाखतीला बोलावणाऱ्या कंपन्या गावोगावच्या माणसांना पत्र पाठवतात. त्या पत्रावर जवळचे रेल्वे स्थानक, तिथपर्यंतचा मार्ग आणि पुढचे वाहन, एवढ्या तीन ओळी मराठीत ठळक छापणे अवघड नाही. खोल्या बुक करणाऱ्या अ‍ॅपनीही खारघर आणि कुलाबा एकाच ‘मुंबई’त दाखवू नयेत. प्रवाशाकडून नीट वाचण्याची अपेक्षा करायची, तर वाचण्याजोगे काही लिहिलेले हवे. विशेषतः घरातल्या आजारी माणसाला घेऊन जो पहिल्यांदाच या शहरात येतो, त्याची पहिली सकाळ चुकीच्या स्थानकावर जाऊ नये.