हॅम म्हणजे संशयित नव्हे!

डोंगरावर काठी उभी करून २० मीटर तार ताणली की चौकशी सुरू. करा ना, जरूर करा! पण परीक्षा देऊन मिळवलेला केंद्र सरकारचा परवाना समोर धरला, तरी 'वॉकीटॉकी आहे, ठाण्यात चला'? हा कुठला न्याय?

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम असेच सेट आणि अँटेना घेऊन अंदमानात होती. त्सुनामीत फोन गेले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून लोकांच्या खुशालीचे निरोप या रेडिओवरून गेले. बॅटरी, तार, माणूस. बस्स, टॉवर लागत नाही.

पुरात आम्हाला बोलवणार म्हणे. कशावरून, बंद मोबाईलवरून? जिल्हा प्रशासनाने परवानाधारकांची यादी प्रत्येक ठाण्यात पावसाळ्याआधी पोचवावी. एवढंच मागतोय. शेअर करा.